डॉक्टरांना विचारा: लॉकडाऊनमधलं अपेंडिक्स

मागच्या अंकात पोटदुखीवर लिहिलं होतं, त्यावर आलेल्या पत्रांत बरीचशी कोरोनाच्या काळातल्या अपेंडिक्सबद्दलचीच निघाली. इतकी वर्षं झाली तरी लोकांच्या मनात प्रश्न तसेच राहिलेत, कारण तेव्हा विचारायची सोय नव्हती आणि डॉक्टरलाही सांगायला फुरसत नव्हती, शिवाय पीपीई किटच्या आतून बोललेलं समोरच्याला अर्धं ऐकूच यायचं नाही. काही पत्रं थोडी कापून इथे घेतली आहेत, नावं गाळली आहेत.

एप्रिल २०२० मध्ये माझ्या मुलाचं पोट दुखायला लागलं, तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. आधी बेंबीपाशी दुखतंय म्हणाला, जेवला नाही, एक उलटी झाली. आमची सोसायटी सील केलेली, डॉक्टरांना फोन केला तर त्यांनी फोनवरच गॅसचं औषध सांगितलं. दुसऱ्या दिवशी रात्री दुखणं एकदम कमी झालं, तो शांत झोपला, आम्हाला हायसं वाटलं. सकाळी बघतो तर अंग तापाने भाजतंय आणि पोट फुगलेलं. हॉस्पिटलमध्ये नेलं तेव्हा अपेंडिक्स फुटून पोटात पू झाला होता. नळी टाकली, खूप दिवस ठेवलं. आता ठीक आहे पण मला अजून वाटतं आमच्यामुळे झालं. की हे कोरोनामुळेच झालं असेल? पुढे काही त्रास होईल का?
— एक आई, नाशिक

ताई, आधी हे समजून घ्या की तो रात्रीचा आराम आहे ना, तो भल्याभल्यांना फसवतो. अपेंडिक्स ही मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी सहा ते दहा सेंटीमीटरची नळी, एका टोकाला बंद. तिचं तोंड कडक झालेल्या मळाच्या खड्याने बुजतं, किंवा मुलांमध्ये आतल्या गाठी सुजून बुजतं. आत स्राव साठत राहतो, दाब वाढतो, रक्तपुरवठा बंद पडतो आणि भिंत सडते. सुरुवातीला दुखणं बेंबीपाशी जाणवतं, कारण आतड्याच्या त्या भागाच्या नसा तिथलंच दुखणं सांगतात, मग सूज पोटाच्या आतल्या अस्तराला टेकली की दुखणं उजवीकडे खाली सरकतं. भिंत फुटली की आतला दाब एकदम सुटतो, काही तास बरं वाटतं, आणि मग पू पोटभर पसरायला लागतो. तुमच्या मुलाचं अगदी असंच झालेलं दिसतंय. घरच्या माणसाला हे कळणं शक्यच नव्हतं, आणि पोटाला हात न लावता फोनवरून ते ओळखणं डॉक्टरलाही अवघडच.

मोठ्या माणसांत साधारण पहिल्या ३६ तासांत फुटायचा धोका कमी असतो, पुढे तो चढत जातो. मुलांमध्ये गाडी जास्त वेगाने पुढे जाते, पाच वर्षांखालच्या मुलांचं तर बऱ्याच वेळा हॉस्पिटलात पोचेपर्यंतच फुटलेलं असतं.

कोरोनामुळे अपेंडिक्सला सूज येते असं सिद्ध झालेलं नाही. विषाणू ज्याला चिकटतो ते एसीई-२ रिसेप्टर लहान आतड्याच्या शेवटच्या भागात भरपूर असतात, त्यावरून तर्क लढवले गेले, एकेकट्या पेशंटच्या केस छापूनही आल्या, पण गाडी तिथेच थांबली. बिघडलं ते वेळेचं. २०२० मध्ये इस्रायलपासून अमेरिकेपर्यंत बऱ्याच ठिकाणच्या सर्जननी एकच गोष्ट नोंदवली की अपेंडिक्सचे पेशंट आले कमी, पण आलेल्यांत फुटलेले जास्त. इथे एक बारकावा आहे जो बातम्यांमध्ये कोणी सांगितला नाही. साध्या सुजेचे काही पेशंट घरीच बसले आणि आपोआप किंवा गोळ्यांवर बरे झाले, ते हॉस्पिटलच्या हिशोबात आलेच नाहीत, म्हणून फुटलेल्यांचं प्रमाण आहे त्यापेक्षा थोडं मोठं दिसलं. तरीही उशिरा आलेली मुलं होती हे खरंच आहे, माझ्याकडेही आली, उजवा हात पोटावर दाबून कमरेत वाकून चालत, टेबलावर झोपवलं तर पाय सरळ करायला तयार नाहीत.

पुढचं विचाराल तर, पोटात पू होऊन गेला की आतडी एकमेकांना चिकटू शकतात आणि कधीतरी, वर्षांनीसुद्धा, आतड्यात अडथळा येऊ शकतो. असं होणाऱ्यांची संख्या थोडीच असते. हिरवी उलटी, पोट फुगणं, शी आणि वारा दोन्ही बंद, हे एकत्र दिसलं तर गॅस म्हणून बसून राहायचं नाही. बाकी मुलाला खेळू द्या, पळू द्या, खाण्याचं पथ्य काही नाही.

मी मर्चंट नेव्हीत इंजिनिअर. २०२० मध्ये जहाजावरच अडकलो होतो, बदली माणूस (रिलीव्हर) येईना, कुठलं पोर्ट उतरू देईना. तेव्हा पोटात दुखायला लागलं, कॅप्टनने रेडिओवर डॉक्टरांशी बोलून जहाजावरच्या औषधपेटीतली इंजेक्शनं आणि गोळ्या दिल्या, आठवड्यात बरं वाटलं. घरी आल्यावर सीटी केला, त्यात अपेंडिक्समध्ये छोटा खडा आहे म्हणाले. त्यानंतर दोनदा थोडं थोडं दुखून गेलंय. एक सर्जन म्हणतात काढून टाका, दुसरे म्हणतात गरज नाही. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, रत्नागिरी

तुमचं पत्र वाचून मजा वाटली, म्हणजे दुखण्याची नव्हे, पण अपेंडिक्स आणि समुद्राचं नातं फार जुनं आहे. पाणबुडीवर सर्जन नसतो म्हणून तिथे बिनऑपरेशनचे, नुसत्या अँटिबायोटिकचे उपचार कोरोनाच्या कितीतरी आधीपासून चालत आलेत. १९६१ मध्ये अंटार्क्टिकावरच्या सोव्हिएत तळावर लिओनिद रोगोझोव्ह नावाच्या तरुण डॉक्टरला अपेंडिक्स झालं, तळावर डॉक्टर तो एकटाच, आधी त्यानेही अँटिबायोटिकच घेऊन बघितली, नाही जमलं तेव्हा आरसा धरायला माणूस उभा करून लोकल भुलीवर स्वतःच स्वतःचं अपेंडिक्स काढलं. ऑस्ट्रेलियाच्या अंटार्क्टिक तळावर हिवाळा काढायला जाणाऱ्या डॉक्टरला आजही जायच्या आधी अपेंडिक्स काढून घ्यावं लागतं.

आता आकडे बघू. फिनलंडमध्ये खडा नसलेल्या साध्या अपेंडिक्सच्या पेशंटना फक्त अँटिबायोटिक देऊन पाच वर्षं पाठपुरावा केला, त्यात साधारण ३९ टक्के लोकांना पाच वर्षांच्या आत परत अपेंडिक्स झालं. अमेरिकेत कोडा नावाचा मोठा अभ्यास झाला, २५ हॉस्पिटलांत १,५५२ मोठी माणसं, आणि त्याचा निकाल नेमका ऑक्टोबर २०२० मध्ये आला, अगदी गरजेच्या वेळी. अँटिबायोटिक घेतलेल्यांपैकी २९ टक्के लोकांचं ९० दिवसांत ऑपरेशन करावं लागलं, खडा असलेल्यांत हे प्रमाण ४१ टक्के आणि नसलेल्यांत २५. पुढे पाठपुरावा चालू ठेवला तर पहिल्या वर्षाअखेर सगळ्यांचं मिळून ४० टक्के आणि तीन-चार वर्षांत निम्म्याच्या जवळ.

म्हणजे याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावता येतो, आणि तुमचे दोन सर्जन तेच करतायत. पुण्यात बसून लॅपटॉपवर काम करणारा, हॉस्पिटल दहा मिनिटांवर, परत दुखलं नाही, अशा माणसाला मी म्हणेन की राहू द्या, दुखलं तर या. कोरोनात आम्ही कितीतरी जणांना असं औषधांवर ठेवलं, त्यातले बरेच आजही अपेंडिक्स पोटात घेऊन मजेत फिरतायत. तुमची गोष्ट वेगळी. खडा आहे, दोनदा कुरकुर झाली आहे, आणि तिसऱ्यांदा होईल तेव्हा तुम्ही हिंदी महासागराच्या मधोमध असाल तर हेलिकॉप्टरही पोचणार नाही. दोन कॉन्ट्रॅक्टच्या मधल्या सुट्टीत दुर्बिणीतून काढून टाका. एक-दोन दिवसांचं काम, नंतर जड वजन उचलायला थोडे आठवडे थांबा, आणि जहाजावर जायच्या आधी कंपनीच्या डॉक्टरांकडून फिट असल्याचं लिहून घ्या.

माझ्या बहिणीचं २०१८ मध्ये दुर्बिणीतून झालं, तीन बारीक डाग. माझं मे २०२० मध्ये झालं तर चांगला मोठा चिरा दिला, टाक्यांत पू झाला, महिनाभर ड्रेसिंग. पैसे कमी भरले म्हणून असं केलं का?
— कोल्हापूरची एक वाचक

पैशांचा संबंध असेल असं वाटत नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवतात आणि आत शिरा जाळल्या की धूर होतो. तो गॅस बाहेर सोडताना त्यातून विषाणू ऑपरेशन थिएटरभर उडेल अशी भीती तेव्हा जगभर होती. ब्रिटनमधल्या सर्जरीच्या रॉयल कॉलेजांनी मार्च २०२० मध्ये तर दुर्बीण शक्यतो वापरूच नका असं सांगितलं होतं. बाकीच्या संघटना म्हणत होत्या वापरा पण फिल्टर लावा, आणि ते फिल्टर छोट्या गावातल्या हॉस्पिटलला कुठून मिळणार होते? म्हणून बऱ्याच सर्जननी जुना उघडा मार्ग धरला. पुढे महिन्यांनी लक्षात आलं की दुर्बिणीतून असा संसर्ग पसरतो याचा ठोस पुरावा काही नाही, आणि सगळे परत दुर्बिणीकडे वळले.

चिऱ्याने केलं की जखमेत पू व्हायची शक्यता दुर्बिणीपेक्षा जास्त असते, त्यात अपेंडिक्स फुटलेलं असलं तर आणखी. डाग आता दुखत नसेल, खोकताना तिथे फुगवटा येत नसेल, तर काही करायला नको. फुगवटा येत असेल तर मात्र दाखवा, तो हर्निया असू शकतो.

मला २०२१ च्या एप्रिलमध्ये अपेंडिक्स झालं आणि हॉस्पिटलात भरती होतानाच्या टेस्टमध्ये कोविड पॉझिटिव्ह निघालो, खोकला ताप काहीच नव्हता. दोन ठिकाणी घेतलं नाही, तिसऱ्या ठिकाणी ऑपरेशन झालं. तेव्हा घरचे म्हणत होते पॉझिटिव्ह असताना ऑपरेशन म्हणजे मरायलाच जाणं. खरंच इतका धोका होता का?
— एक वाचक, सोलापूर

घरच्यांची भीती अगदीच हवेतली नव्हती. मे २०२०च्या शेवटी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात बऱ्याच देशांतल्या १,१२८ पेशंटचा अभ्यास आला, ऑपरेशनच्या आगेमागे कोविड निघालेल्यांपैकी २३.८ टक्के लोक महिन्याभरात गेले होते, आणि निम्म्यांना फुप्फुसांचा त्रास झाला. हा आकडा वाचून आमचेही हात थरथरले. पण त्यात वयस्क माणसं, कॅन्सर, मोडलेली मांडीची हाडं, मोठी मोठी ऑपरेशनं सगळंच होतं. तिशीतल्या, लक्षणं नसलेल्या माणसाच्या अपेंडिक्सला तो आकडा जसाच्या तसा लावायचा नसतो. नंतर तो अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांच्याच गटाने १,४०,२३१ पेशंटचा अभ्यास करून सांगितलं की कोविड झाल्यावर साधारण सात आठवडे ऑपरेशन पुढे ढकलता आलं तर ढकला. ढकलता आलं तर. मूळव्याध, हर्निया थांबतं. फुटायला आलेलं अपेंडिक्स सात आठवडे थांबत नाही.

तेव्हा एक गंमत व्हायची, गंमत कसली. पोटाचा सीटी स्कॅन केला की वरच्या टोकाला फुप्फुसांचा खालचा भागही दिसतो. अपेंडिक्स बघायला म्हणून सीटी उघडावा आणि फुप्फुसांच्या तळाशी काचेवर वाफ धरल्यासारखे पांढुरके डाग दिसावेत, आरटीपीसीआरचा रिपोर्ट यायच्या आधीच कळायचं की हा पेशंट कोविडचा आहे. मग अख्खा स्टाफ किट घालायला पळायचा. रक्ताच्या तपासण्यांचाही घोळ असायचा, सूज दाखवणारा सीआरपी दोन्ही आजारांत वाढतो, पांढऱ्या पेशी अपेंडिक्समध्ये वाढतात आणि कोविडमध्ये बऱ्याचदा नॉर्मल किंवा कमी, दोन्ही एकत्र आले की रिपोर्टवरून काही ठरवता यायचं नाही, पोटाला हात लावूनच ठरवायला लागायचं.

दोन ठिकाणी तुम्हाला परत पाठवलं ते चुकलंच, ते कोणतं हॉस्पिटल होतं हे छापत नाही. इमर्जन्सीला आधी पेशंट स्थिर करायचा आणि मग दुसरीकडे पाठवायचा, हे कोविडमध्येही बदललं नव्हतं.

जून २०२१ मध्ये माझ्या आठ वर्षांच्या मुलीला ताप आणि उजवीकडे पोटदुखी. एका डॉक्टरांनी लगेच ऑपरेशन सांगितलं, दुसऱ्यांनी सोनोग्राफी बघून नको म्हटलं, म्हणाले कोरोनानंतरचा आजार आहे, आणि आयसीयूत ठेवून स्टिरॉइड दिली. मुलगी बरी झाली. पण घरात त्या वेळी कोणाला कोरोना झालाच नव्हता असं आम्हाला वाटत होतं. हे काय प्रकरण होतं?
— एक बाबा, छत्रपती संभाजीनगर

दुसऱ्या डॉक्टरांचे पेढे देऊन आभार माना. मुलांमध्ये कोरोना येऊन गेल्यावर साधारण दोन ते सहा आठवड्यांनी शरीराची प्रतिकारशक्ती भडकते आणि हृदयापासून आतड्यापर्यंत सगळीकडे सूज येते, याला डॉक्टर एमआयएस-सी म्हणतात. मूळ कोरोना इतका सौम्य असतो की सर्दी झाली होती हेही आठवत नाही, म्हणून घरात कोणाला नव्हता असं वाटतं, पण रक्तात अँटिबॉडी सापडतात. दुसऱ्या लाटेनंतर आपल्याकडे अशी बरीच मुलं आली.

यात पोट फार दुखतं, आणि लहान आतड्याचा शेवटचा भाग व जवळच्या गाठी सुजल्या की दुखणं नेमकं उजवीकडे खाली येतं, हुबेहूब अपेंडिक्स. जगात कितीतरी मुलांची अशी ऑपरेशनं झाली आणि अपेंडिक्स चांगलं निघालं. फरक ओळखायला काय बघतात, तर ताप सलग काही दिवस आणि चढा, डोळे लाल पण चिपडं नाहीत, अंगावर पुरळ, ओठ-जीभ लाल, हातापायांना सूज, नाडी भरभर आणि बीपी खाली. रक्तात सूज आणि गुठळ्यांचा अंदाज देणारे सीआरपी, फेरिटिन, डी-डायमर खूप वाढलेले. हृदयाचा टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात कारण खरी भीती हृदयाची असते. उपचार म्हणजे स्टिरॉइड आणि आयव्हीआयजी (शिरेतून दिलेल्या तयार अँटिबॉडी), चाकूचं इथे काम नाही. उलट बीपी खाली असताना विनाकारण भूल दिली असती तर महागात पडलं असतं. मात्र पहिल्या डॉक्टरांनाही फार दोष देऊ नका, तेव्हा हा आजार नवा होता. मुलीच्या हृदयाचे पुढचे इको झाले नसतील तर बालरोगतज्ज्ञांना विचारून घ्या.

आमच्या सासूबाई कोणाचंही पोट दुखलं की एरंडेल पाजतात आणि गरम पाण्याची पिशवी देतात. लॉकडाऊनमध्ये तेच चालायचं. चालतं का? आणि पेरूच्या बिया अडकून अपेंडिक्स होतं हे खरं का?
— एक सून, सातारा

पेरू खुशाल खा. बी अडकून अपेंडिक्स झाल्याची केस क्वचित एखादी सापडते, ते गणतीत धरायचं कारण नाही. एरंडेल मात्र नको, पोट का दुखतंय हे कळेपर्यंत कुठलंच जुलाबाचं औषध नको. सुजलेल्या आतड्याला जोराने पिळवटलं तर जे उद्या फुटलं असतं ते आज फुटतं. पिशवीने नुसती ऊब मिळते आणि त्यात वेळ जातो. सासूबाईंना हे तुम्ही सांगू नका, मी सांगितलंय म्हणा.

घरच्या घरी ओळखायचं तर ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये केलेला एक मजेशीर अभ्यास सांगतो. पेशंटना एवढंच विचारलं की हॉस्पिटलला येताना गाडी स्पीड ब्रेकरवरून गेली तेव्हा दुखलं का. ज्यांचं खरंच अपेंडिक्स निघालं अशा ३४ जणांपैकी ३३ जण हो म्हणाले. आता आपल्याकडे सातारच्या रस्त्यांवर सगळ्यांचंच सगळं दुखतं हा भाग वेगळा, आणि हो म्हणणाऱ्या प्रत्येकाला अपेंडिक्स असतंच असंही नाही. पण भूक मेलेली, दुखणं बेंबीकडून उजवीकडे सरकलेलं, खोकलं की किंवा टाचांवर आपटलं की कळ येते, असं असेल तर तोंडाने काही न देता सर्जनला दाखवायचं, रात्र असली तरी.

बाबांना (आता वय ६२) ऑगस्ट २०२० मध्ये उजवीकडे पोटात गोळा झाला होता. अपेंडिक्सचा गोळा आहे, आत्ता हात लावता येणार नाही, औषधाने बसेल, दीड-दोन महिन्यांनी या, काढून टाकू म्हणाले. गोळा बसला. मग कोरोना, मग लस, मग राहूनच गेलं. आता काहीच त्रास नाही. काढायलाच हवं का?
— एक वाचक, जळगाव

तेव्हा ऑपरेशन केलं नाही ते बरोबरच होतं. आतडी आणि चरबीचा पडदा सुजलेल्या अपेंडिक्सभोवती गोळा होऊन बसतात, त्यात हात घातला तर आतड्याला इजा व्हायची भीती. औषधाने बसवायचं आणि सहा-आठ आठवड्यांनी बघायचं ही जुनी पद्धत आहे. तरुण माणसाचा गोळा बसला आणि परत दुखलं नाही तर हल्ली काढलंच पाहिजे असं आम्ही म्हणत नाही.

बाबांच्या वयाला मात्र म्हणतो. फिनलंडमध्ये अशाच गोळा-पू झालेल्या पेशंटवर अभ्यास चालू होता, नंतर अपेंडिक्स काढायचं की नुसतं एमआरआयवर लक्ष ठेवायचं. ६० पेशंट झाल्यावर तो मध्येच थांबवला, कारण दर पाचात एकाच्या अपेंडिक्समध्ये गाठ सापडली, आणि त्या सगळ्यांचं वय चाळिशीच्या पुढचं होतं. सगळ्याच गाठी कॅन्सरच्या नसतात. पण चाळिशीनंतर अपेंडिक्सचा गोळा झाला तर आत किंवा शेजारच्या मोठ्या आतड्यात दुसरं काही नाही ना हे बघितल्याशिवाय तो विषय बंद करायचा नसतो, आणि बाबांचा विषय बंद न होता नुसता राहून गेलाय.

याच महिन्यात जवळच्या सर्जनकडे घेऊन जा. पोटाचा सीटी आणि कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, करायला सांगतील, शुगर-बीपी असेल तर फिजिशियनचं फिटनेस लागेल, आणि सगळं ठीक निघालं तरी अपेंडिक्स काढायचा सल्ला बहुतेक देतीलच. वजन कमी होतंय का, शौचाच्या सवयी बदलल्यात का, शौचातून रक्त जातंय का, हे बाबांना घरीच एकदा नीट विचारून घ्या, डॉक्टरसमोर ते सगळं ठीक आहे म्हणतील. आणि २०२०चं डिस्चार्ज कार्ड आणि तेव्हाच्या सोनोग्राफीची फिल्म शोधून बरोबर न्या, गोळा किती मोठा होता हे त्यातूनच कळेल.